टपालाचा शिक्का आणि परीक्षकांचा कौल

साहित्य पुरस्काराच्या समारंभात आभारप्रदर्शनाची एक ठरलेली उतरंड असते. आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, पुरस्काराचे मानकरी, परीक्षक, देणगीदार कुटुंब, सभागृह देणारी शाळा, आणि अगदी शेवटी, ध्वनिक्षेपकवाल्याच्या जरासं आधी, ‘पुरस्काराचे संयोजक’. एका जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या न्यासासाठी बारा वर्षं मी त्या जागेवर होतो. त्या क्रमाबद्दल माझी तक्रार नाही. ध्वनिक्षेपकवाल्याचं चुकलं तर पाचशे माणसांना त्याच क्षणी कळतं. संयोजकाचं चुकलं तर कुणालाच कळत नाही, कधी कधी त्याला स्वतःलाही नाही. माझं म्हणणं या कळण्या-न कळण्याबद्दलच आहे.

आपल्याकडचं रूढ मत असं : पुरस्कार ठरवतात परीक्षक. संयोजक हा हरकाम्या. पुस्तकं जमवावीत, पोच द्यावी, गठ्ठे बांधावेत, मानधनाचे धनादेश काढावेत, शाल-श्रीफळ आणून ठेवावं. म्हणून निवड चांगली झाली तर श्रेय परीक्षकांच्या रसिकतेचं, आणि वाईट झाली तर ‘सेटिंग’ही परीक्षकांचंच. पुरस्कारांवरची आपली बहुतेक भांडणं ‘परीक्षक कोण होते?’ या प्रश्नाने सुरू होतात आणि त्याचं उत्तर मिळालं की थांबतात. त्यातून निघणारा उपायही एकच असतो : सचोटीचे परीक्षक नेमा, बाकी आपोआप होईल.

हे मत खोडायचं तर आधी ते नीट उभं केलं पाहिजे. नाहीतर पूर्वपक्षाचं बुजगावणं करून त्याला काठीने झोडपण्याचा प्रकार होतो. तर या मतामागे चांगले तीन आधार आहेत. एक, वाङ्मयाची पारख हे रसिकाचं काम आहे. नियमावलीला कविता कळत नाही. दोन, खरे परीक्षक नियमाला बांधले जात नाहीत. 2019 साली बुकर पारितोषिकाच्या पाच परीक्षकांनी, पारितोषिक विभागून देता येणार नाही असा नियम असताना, मार्गारेट अ‍ॅटवुड आणि बर्नर्डीन एव्हारिस्टो या दोघींना ते विभागून दिलं आणि संस्थेला ते मान्य करावं लागलं. तीन, अस्सल पुस्तक संख्याबळ आणि शिफारशी यांना भेदून वर येतं. 1913 च्या नोबेलसाठी रॉयल सोसायटी ऑफ लिटरेचरच्या 97 सदस्यांनी टॉमस हार्डी यांचं नाव सुचवलं होतं. रवींद्रनाथांसाठी पत्र होतं फक्त एक, टी. स्टर्ज मूर यांचं. पारितोषिक रवींद्रनाथांना मिळालं.

तिसऱ्या आधारापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत लोभस आहे आणि सर्वांत कच्चाही. 97 विरुद्ध 1 या गोष्टीतला महत्त्वाचा आकडा 97 नाही, 1 आहे. शिफारस करण्याचा अधिकार असलेल्या माणसाचं मुदतीत आलेलं एक पत्र नोबेलच्या नियमाला पुरेसं होतं. पण ते एक तरी लागतच होतं. स्टर्ज मूर यांनी आळस केला असता तर स्वीडिश अकादमीतल्या अठरा जणांची रसिकता काय करणार होती? काय करता आलं नसतं ते बारा वर्षं आधीच दिसलं होतं. 1901 साली पहिलं नोबेल जाहीर झालं तेव्हा लेव्ह टॉलस्टॉय हयात होते, जगभर वाचले जात होते. पारितोषिक फ्रान्सच्या स्युली प्रुदोम यांना गेलं. बेचाळीस स्वीडिश लेखक-कलावंतांनी टॉलस्टॉय यांना पत्र लिहून खेद कळवला. टॉलस्टॉय यांचं नाव पुढची काही वर्षं, 1902 ते 1906, शिफारशींत येत राहिलं; त्यांना पारितोषिक न देण्याचा दोष त्या वर्षांसाठी परीक्षकांना खुशाल द्यावा. पण 1901 साली त्यांच्या नावाची रीतसर शिफारसच झालेली नव्हती. जे नाव मेजावर आलंच नाही त्याची पारख कोण करणार?

याहून बोलकं उदाहरण बुकरचंच आहे, आणि ते आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. बुकर सुरू झालं 1969 साली. पहिली दोन वर्षं आदल्या काळात प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांना ते दिलं गेलं. 1970 चं पारितोषिक मिळालेली बर्निस रुबेन्स यांची कादंबरी 1969 ची होती. 1971 पासून नियम बदलला : पारितोषिक त्याच वर्षी निघालेल्या पुस्तकाला द्यायचं. बदल समंजस होता. पुस्तक दुकानात असतानाच त्याचा बोलबाला व्हावा हा हेतू. पण या दोन नियमांच्या सांध्यात 1970 सालच्या बहुतेक कादंबऱ्या पडल्या. जुन्या नियमाला त्या उशिरा आल्या होत्या, नव्या नियमाला लवकर. एका वर्षाचं बहुतेक इंग्रजी कादंबरीलेखन बुकरच्या परीक्षकांनी उघडूनही पाहिलं नाही आणि त्यात कुणाचाही अप्रामाणिकपणा नव्हता. चाळीस वर्षांनी संस्थेचे अभिलेख पाहणाऱ्या पीटर स्ट्राउस यांच्या हे ध्यानात आलं. मग 2010 साली ‘हरवलेलं बुकर’ नावाने तीन परीक्षकांनी सहा पुस्तकं निवडली, वाचकांनी मतं दिली आणि जे. जी. फॅरेल यांची ‘ट्रबल्स’ जिंकली. फॅरेल 1979 सालीच आयर्लंडच्या समुद्रात बुडून वारले होते. त्यांनाच 1973 साली 1857 च्या उठावावरच्या ‘द सीज ऑफ कृष्णपूर’साठी बुकर मिळालं होतं, म्हणजे परीक्षकांना त्यांची किंमत कळत नव्हती असंही नाही. आडवं आलं होतं ते कॅलेंडर.

कॅलेंडर आडवं येण्याचं आपलं मराठी उदाहरण जी. ए. कुलकर्णी यांचं. ‘काजळमाया’ला 1973 चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला आणि जी. एं.नी पुरस्कार परत केला. या प्रसंगाकडे आपण जी. एं.च्या मानी स्वभावाची कथा म्हणून पाहतो आणि तो मान त्यांचाच आहे. पण वाद कथांच्या दर्जाचा नव्हता. वाद होता पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर बारीक अक्षरात छापतात त्या ओळीचा. डिसेंबरची तारीख असलेली पुस्तकं फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात पडतात, हे पुरस्कारासाठी पुस्तकं नोंदवून घेतलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यात लबाडी असतेच असं नाही. छपाई लांबते, बांधणीवाला अडतो. छापलेली तारीख धरायची की पुस्तक बाजारात आल्याची, हे आवाहनाच्या मसुद्यातच लिहिलेलं असलं पाहिजे. आणि तो मसुदा परीक्षक लिहीत नाहीत.

वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी कोणत्याही विधीला तीन प्रश्न विचारले होते : काय साधायचं, कशाने साधायचं आणि कसं साधायचं. तिसऱ्याला त्यांनी ‘इतिकर्तव्यता’ असं नाव दिलं आणि त्यावर पानंच्या पानं खर्च केली. दर्शपूर्णमास या यज्ञात प्रयाज नावाच्या छोट्या आहुती आहेत. त्या मुख्य नाहीत, अंगभूत आहेत. पण फळाच्या इच्छेने केलेला मुख्य विधी अंगं टाकून फळाला येतो असं मीमांसक मानत नाहीत. आपल्या पुरस्कारचर्चेत साध्य असतं, ते म्हणजे उत्तम पुस्तक. साधन असतं, ते म्हणजे जाणते परीक्षक. इतिकर्तव्यता मात्र आपण हरकाम्याच्या हाती सोपवून मोकळे होतो.

आता पहिला आधार, रसिकतेचा. तो मला शंभर टक्के मान्य आहे आणि म्हणूनच मी पुढचा हिशेब मांडतो. आमच्या न्यासाच्या कथा-कादंबरीच्या पुरस्काराला एका वर्षी 86 पुस्तकं आली. पानं सरासरी दोनशे धरा. परीक्षकांना आम्ही पन्नास दिवस दिले होते. म्हणजे रोज 344 पानं. तीन परीक्षकांपैकी दोघं नोकरीत, तिसऱ्यांच्या घरी त्याच दिवसांत लग्नकार्य. तिघंही सज्जन, तिघंही वाचणारे. त्यांनी काय केलं असेल? जे कुणीही करील तेच. ओळखीच्या नावांची पुस्तकं पूर्ण वाचली, अनोळखी नावांची पहिली वीस पानं. ओळखीच्या नावाला झुकतं माप मिळतं ते दर वेळी लागेबांध्यातून येत नाही. पुष्कळदा ते नुसत्या थकव्यातून येतं. आणि हा थकवा माझ्या वेळापत्रकाने त्यांच्यावर लादला होता. तुलनेला सांगतो : 2019 च्या बुकर परीक्षकांपुढे 151 पुस्तकं होती, पण प्राथमिक यादीपर्यंत त्यांच्या हाती साधारण सात महिने असतात. आठवड्याला पाच कादंबऱ्या, तेही कमी नव्हे. पण वाचता येतात.

आणखी एक गोष्ट मला चौथ्या वर्षी लक्षात आली. परीक्षकांच्या टिपणांत पहिल्या खोक्यातल्या पुस्तकांवर अर्धं अर्धं पान लिहिलेलं असे, शेवटच्या खोक्यातल्या पुस्तकांवर ‘बरी’, ‘साधारण’, ‘पाहिली’. आम्ही गठ्ठे आवक क्रमांकाने बांधत होतो. म्हणजे जो आवाहन वाचून पहिल्या आठवड्यात पुस्तक पाठवी, त्याला नीट वाचक मिळे. आणि पहिल्या आठवड्यात कोण पाठवी? ज्यांच्याकडे हे काम करायला माणूस आहे असे मोठे प्रकाशक. त्यानंतर मी तिन्ही परीक्षकांचे गठ्ठे तीन वेगळ्या क्रमांनी लावू लागलो. एवढ्या एका बदलाने शेवटच्या पाचांत कधी न दिसलेली गावं दिसू लागली. परीक्षक तेच होते, रसिकताही तीच होती.

मग प्रतींचा प्रश्न. ‘पुस्तकाच्या चार प्रती पाठवाव्यात’ हे वाक्य आवाहनात किती सहज लिहिलं जातं! पाचशे रुपयांच्या पुस्तकाच्या चार प्रती म्हणजे दोन हजार आणि वर टपालखर्च. पदरचे पैसे घालून तीनशे प्रती काढणारा कवी चार पुरस्कारांना पुस्तक पाठवील, तर मोठं प्रकाशनगृह चाळीसांना. बुकरलाही ही चाळणी आहे, तिचं रूप वेगळं : 2014 पासून तिथे आधीच्या पाच वर्षांत ज्या प्रकाशकाची पुस्तकं प्राथमिक यादीत जास्त वेळा आली त्याला जास्त पुस्तकं पाठवायची मुभा आणि ज्याचं एकही आलं नाही त्याला एकच. परीक्षक काही पुस्तकं स्वतःहून मागवू शकतात हा त्यावरचा उतारा आहे. आमच्याकडे तोही नव्हता, कुणाला सुचलाच नाही म्हणून.

आणि चार प्रती का मागायच्या? कारण न्यासाकडे पुस्तकं विकत घेण्याइतके पैसे नसतात. इथे धर्मादाय कामाचं अर्थशास्त्र येतं, ते कंटाळवाणं आहे पण टाळता येत नाही. आमच्या गावातल्या एका कुटुंबाने नव्वदच्या दशकात वडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ एक लाखाची ठेव दिली. व्याज बारा टक्के, म्हणजे वर्षाला बारा हजार. सात पुरस्काराचे, तीन परीक्षकांचे, दोन टपालाचे. पुढे व्याजदर उतरत निम्म्यावर आला. पुरस्काराची रक्कम कमी करता येईना, ती दिवंगतांच्या नावाशी जोडलेली. मग परीक्षकांचं मानधन गेलं, त्याला ‘सन्मानपूर्वक सेवा’ म्हणू लागले. टपालखर्च लेखकांवर गेला. चौथा परीक्षक घ्यायचा बेत बारगळला. रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या दराचा आणि आमच्या गावच्या काव्यनिवडीचा संबंध आहे असं कुणाला सांगितलं तर हसतील, पण तो संबंध मी वहीत मांडला आहे.

संयोजकाला पगार नसतो, हे आपल्याकडे भूषण मानलं जातं. ‘मानद’ या शब्दाने आपण फार कामं फुकटात करून घेतली आहेत. फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही ही त्यातली खरी अडचण. ‘ऐंशी पुस्तकांना पन्नासच दिवस का दिलेत?’ असं मला बारा वर्षांत एकाही विश्वस्ताने विचारलं नाही. विचारणार कसे, चहाचे पैसेही मी घेत नव्हतो.

उरला दुसरा आधार, परीक्षकांनी नियम मोडल्याचा. 2019 ची घटना माझ्या विरोधात जाते असं वरवर दिसतं. पण तो नियम आला कुठून? 1992 साली मायकेल ओंडात्जे आणि बॅरी अन्सवर्थ यांना बुकर विभागून दिलं गेलं, त्यानंतर ‘विभागणी नाही’ असं ठरलं. सत्तावीस वर्षांनी पाच जणांनी तो नियम मोडला तेव्हा तो उघड मोडावा लागला, आणि जगभर त्यावर वाद झाला. लिहिलेला नियम मोडला जाणारच नाही अशी हमी कुणी देत नाही. तो मोडला की दिसतो, इतकंच. आपल्याकडे किती पुरस्कार विभागून दिले गेले आणि ते नियमाप्रमाणे की नियमाविरुद्ध, हे सांगता येत नाही; कारण मोडायलाच काही नसतं.

माझ्यावर उलटा आक्षेप येईल तो मला जास्त गंभीर वाटतो : संयोजकाच्या हाती इतकं असेल तर ते भयंकर नाही का? परीक्षकाचं नाव तरी छापलं जातं, या अदृश्य माणसाला कोण आवरणार? बुकरचं व्यवस्थापन तीन दशकांहून अधिक काळ मार्टिन गॉफ यांच्याकडे होतं. परीक्षकांच्या बैठकीतल्या खबरा वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचवून त्या पारितोषिकाभोवती गवगवा कसा उभा करायचा, यात ते वाकबगार मानले जात. बुकरच्या कीर्तीत त्यांचा वाटा अनेक परीक्षकांहून मोठा आहे. असा माणूस मला आदर्श वाटतो का? नाही. पण त्याच्याजवळ सत्ता नव्हती असं म्हणून ती नाहीशी होत नाही. संयोजकाला पोस्टमन म्हटल्याने त्याचे हात बांधले जात नाहीत, फक्त ते नजरेआड होतात.

महाराष्ट्र शासनाचं 2022 चं प्रकरणही याच अंगाने पाहावं असं मला वाटतं. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादाला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाचा राज्य पुरस्कार 6 डिसेंबरला जाहीर झाला आणि 12 डिसेंबरला तो रद्द करून निवड समितीच बरखास्त झाली. त्या विरोधात काही लेखकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले, ते योग्यच केलं. विनय हर्डीकर यांच्या ‘जनांचा प्रवाहो चालिला’ या आणीबाणीवरच्या पुस्तकाचा राज्य पुरस्कारही 1981 साली असाच हुकला होता. दोन्ही वेळी आपण राज्यकर्त्यांच्या असहिष्णुतेवर बोललो. पण 2022 चा पुरस्कार जाहीर झाला तो शासन निर्णयाने आणि रद्द झाला तोही शासन निर्णयाने. परीक्षकांचा कौल हाच अंतिम, त्याची घोषणा सरकारी आदेशाच्या रूपात होणार नाही, एवढी तरतूद जिथे नाही तिथे परीक्षक कितीही बाणेदार असोत, त्यांचा कौल सहा दिवस टिकतो. नियम असता तरी सरकारने तो मोडला असता, असं कुणी म्हणेल. मोडला असताही. मग निदान त्यांना तसं लिहावं लागलं असतं.

परीक्षकांना मी कमी लेखत नाही. शेवटच्या पाच-सहा पुस्तकांतून एक निवडण्याचा क्षण त्यांचाच आणि तिथे संयोजकाने खोलीत असलं तरी गप्प बसावं. मला फार आवडलेला एक कथासंग्रह तिथे बाद होताना मी पाहिला आहे, चहा ओतत. पण मराठीत सध्या पुरस्कार सुधारायची चर्चा त्या शेवटच्या तासाभोवतीच फिरते; त्याआधीचे दहा महिने कुणाच्या लेखी नसतातच. न्यासांनी आलेल्या सर्व पुस्तकांची यादी छापावी, प्रत्येक परीक्षकाला किती दिवस मिळाले ते छापावं, संयोजकाचं नाव परीक्षकांच्या शेजारी छापावं आणि त्याला पगार द्यावा. पुरस्काराची रक्कम त्यासाठी कमी करावी लागली तरी चालेल.

माझ्या वहीतली एक नोंद सांगून थांबतो. एका वर्षी आमच्या आवाहनात ‘31 जुलैपर्यंत पोहोचतील अशा बेताने’ असे शब्द होते. भामरागडकडच्या एका शिक्षकाचा कवितासंग्रह 5 ऑगस्टला आला. पाकिटावर तिकडच्या टपाल कार्यालयाचा 22 जुलैचा शिक्का होता. मधले दिवस पुराने रस्ता बंद होता. मी नियमावर बोट ठेवलं आणि पाकीट परत पाठवलं. परीक्षकांना हे कळण्याचं कारण नव्हतं, विश्वस्तांनी विचारलं नाही, त्या शिक्षकाने तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी मसुदा लिहिताना मी ‘पोहोचतील’ खोडून ‘टपालात पडतील’ असं केलं. त्यानंतर त्यांचं पुस्तक पुन्हा आलं नाही.